तुमचा सिनेमा आणि त्यांचा सिनेमा: देश बदलला की चित्रपट का बदलतो?

२०२५च्या जुलैमध्ये नवा ‘सुपरमॅन’ लागला, तेव्हा लंडनला राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. “मावशी, ती दोघं हवेत तरंगत असतात तो सीन कसला भारी आहे ना?” मी त्याच आठवड्यात पुण्यात तो सिनेमा पाहिला होता, आणि असं काही पाहिल्याचं मला आठवेना. दोन दिवसांनी बातमी वाचली. आपल्याकडे प्रमाणपत्र देताना ३३ सेकंदांचं चुंबनदृश्य काढायला लावलं होतं. भाच्याने पाहिलेला सिनेमा आणि मी पाहिलेला सिनेमा, नाव एक असलं तरी तंतोतंत एक नव्हते. तिकीट मात्र मीही पूर्ण पैशाचंच काढलं होतं.

अशी बातमी आली की दोन-चार दिवस आरडाओरडा होतो आणि मग सगळं शांत होतं. पण सिनेमा कापतात म्हणजे नक्की काय करतात? कोण करतं? तेच दृश्य लंडनला चालतं आणि पुण्यात का चालत नाही? मुळापासून बघू.

एकच लग्न, दोन पत्रिका

आपल्याकडे लग्न एक असतं, मुहूर्त एक, कार्यालयही एक. तरी पत्रिका दोन छापतात, एक वरपक्षाची आणि एक वधूपक्षाची. निमंत्रक बदलतात, नावांचा क्रम बदलतो, कुणाच्या पत्रिकेत आजोळची नावं जास्त येतात. खोटं काही नसतं, पण वाचणारा कोण आहे हे बघून मजकूर लावलेला असतो. चित्रपटाच्या अशा प्रत्येक ‘पत्रिके’ला आवृत्ती म्हणतात. मोठ्या चित्रपटाच्या अशा कितीतरी आवृत्त्या निघतात.

ही काही आजची गोष्ट नाही. मूकपटांच्या काळात एका निगेटिव्हवरून दुसरं चांगलं निगेटिव्ह काढता येत नसे. म्हणून हॉलिवुडमध्ये दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावत. एकाचं निगेटिव्ह घरच्या बाजारासाठी ठेवत आणि दुसरं परदेशी पाठवत. म्हणजे युरोपातला प्रेक्षक तोच प्रसंग वीतभर बाजूने बघत असे, आणि कधीकधी तो टेकही वेगळा असे.

बोलपट आले आणि प्रश्न भाषेचा झाला. डबिंगचं तंत्र तेव्हा कच्चं होतं, म्हणून अख्खा सिनेमाच दोनदा करायचा. १९३१चा स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ इंग्रजी ‘ड्रॅक्युला’च्याच सेटवर रात्री चित्रित होत असे. दिवसा एक संच, रात्री दुसरा. आपल्या ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोन्हीकडे केला. पुढे १९४१मध्ये शांतारामबापूंनी ‘शेजारी’ केला, तेव्हा मराठीत जीवबा केशवराव दात्यांनी आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी केला. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू शेजाऱ्याच्या भूमिकेत मझहर खान आले. हिंदू-मुस्लिम मैत्रीच्या त्या कथेत हिंदू भूमिका एका मुस्लिम नटाने आणि मुस्लिम भूमिका एका हिंदू नटाने केली. म्हणजे हिंदी आवृत्तीत नुसता नट बदलला नाही, त्या निवडीतून सिनेमाने एक जास्तीची गोष्ट सांगितली. आवृत्ती बदलणं हे मुळात पाप नाही, हे मला इथेच सांगून टाकायचं आहे. कोण बदलतं, कशासाठी बदलतं आणि सांगून बदलतं का, यावर सगळं ठरतं.

कात्री नेमकी कुठे चालते?

पूर्वी कात्री ही खरीच कात्री होती. फिल्मची पट्टी कापायची आणि दोन टोकं चिकटवायची. जोडावरून रीळ गेलं की पडद्यावर चित्र टुणकन उडी मारे, गाणं मधेच अडखळे. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये अशी उडी आली की मागून शिट्ट्या सुरू होत. काहीतरी गेलंय, हे सगळ्या थिएटरला कळायचं.

आता चित्रपटगृहात येते ती हार्ड डिस्क किंवा डाउनलोड केलेली फाइल. तिला डीसीपी म्हणतात, म्हणजे चित्रपटाचं डिजिटल गाठोडं. त्यात चित्र वेगळं, आवाज वेगळा, सबटायटलं वेगळी असतात, आणि एक छोटी यादी असते. कुठला भाग कधी लावायचा, कितव्या फ्रेमपासून सुरू करायचा, कितव्या फ्रेमला थांबवायचा, हे प्रोजेक्टरचा सर्व्हर त्या यादीतून वाचतो. एका सेकंदाच्या २४ फ्रेम्स धरल्या तर ३३ सेकंद म्हणजे ७९२ फ्रेम्स. त्या वगळायच्या तर चित्राला हात लावायचीही गरज नसते. “इथे थांब, आणि ७९२ फ्रेम्स सोडून पुढून सुरू कर,” एवढं यादीत लिहिलं की झालं. एखाद्या देशासाठी थोडंसंच वेगळं हवं असेल, तर मूळ गाठोड्यासोबत फक्त बदललेला भाग आणि नवी यादी पाठवतात.

खरी अडचण आवाजाची असते. मधली ३३ सेकंदं गेली तर पार्श्वसंगीताची लय तुटते आणि कानाला ठेच लागते. म्हणून आवाज आधीपासूनच सुटा ठेवतात. कोल्हापुरात मिसळीची तर्री वेगळ्या वाटीत देतात ना, तसं. एका पट्टीवर फक्त संवाद, आणि दुसरीवर संगीत, पावलांचे आवाज, दाराची करकर, पाऊस. या दुसऱ्या पट्टीला धंद्यात ‘एम अँड ई’ म्हणतात. तिच्यावर कुठल्याही भाषेतले संवाद चढवता येतात आणि तुटलेला सांधा झाकता येतो. चित्राचंही तसंच करतात. ज्या शॉटवर अक्षरं येतात, त्याची कोरी प्रतही जपून ठेवतात. पुढे तिच्यावर जपानी किंवा अरबी अक्षरं बसवता येतात.

ही सोय नव्हती तेव्हा मेहनत किती होती बघा. १९८०च्या ‘द शायनिंग’मध्ये बायको नवऱ्याच्या टाइपरायटरपाशी जाते आणि कागद चाळते. पानन् पान एकच वाक्य. नुसतं काम आणि खेळ नाही, तर जॅक मठ्ठ होतो, अशा अर्थाची ती इंग्रजी म्हण. ते वाक्य वाचता आलं नाही तर अंगावर काटा कसा येणार? स्टॅन्ली कुब्रिक यांनी इटालियन, जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच प्रेक्षकांसाठी वेगळे कागद टाइप करून घेतले आणि ते शॉट वेगळे घेतले. शब्दशः भाषांतर त्यांनी केलं नाही. इटालियन कागदावर म्हण आहे ती ‘सकाळच्या तोंडात सोनं असतं’ अशा अर्थाची, तर जर्मनवर ‘आज होईल ते उद्यावर ढकलू नकोस’ अशी. वेडसरपणे हजारदा टाइप केली की कुठलीही शहाणी म्हण भयाण वाटते, हे त्यांनी ओळखलं होतं. माझ्या मते परदेशी आवृत्ती कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे. त्याच कुब्रिक यांनी युरोपसाठी तो चित्रपट १४४ मिनिटांवरून ११९वर आणला. तो काटही त्यांचा स्वतःचाच होता.

बदलण्याची कारणं एकसारखी नसतात

सगळ्यात साधं कारण म्हणजे प्रेक्षकाला कळावं. ‘इनसाइड आउट’मधली छोटी मुलगी ब्रोकोली बघून नाक मुरडते. जपानी मुलं ब्रोकोली आवडीने खातात, म्हणून तिथल्या आवृत्तीत तिच्या ताटलीत ढोबळी मिरची आली. ‘झूटोपिया’त बातम्या देणारा प्राणी अमेरिकेत मूस (हरणाच्या जातीचा मोठा प्राणी) आहे, चीनमध्ये पांडा, ऑस्ट्रेलियात कोआला, ब्राझीलमध्ये जॅग्वार. यात कुणाचं काही गेलं नाही.

दुसरं कारण लांबीचं. आपले सिनेमे बाहेर जातात तेव्हा मध्यंतर जातं आणि बऱ्याचदा गाणी छाटली जातात. २०१०च्या ‘काइट्स’ची ब्रेट रॅटनर या हॉलिवुडच्या दिग्दर्शकाने दीड तासाची निराळी आवृत्ती केली होती. ‘बाहुबली’च्या पहिल्या भागाची आंतरराष्ट्रीय आवृत्ती एका परदेशी संकलकाने बांधली. पण लांबीच्या नावाखाली सिनेमाचा कणाही मोडता येतो. सर्जिओ लिओनी यांचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’ युरोपात २२९ मिनिटांचा होता. त्यात म्हाताऱ्या माणसाच्या आठवणी पुढे-मागे जात राहतात. अमेरिकेत १९८४मध्ये तो १३९ मिनिटांचा करून लावला आणि आठवणी सरळ सालवार मांडल्या. माणूस आठवतोय म्हणून ती गोष्ट होती. आठवणंच काढून टाकलं तर मागे उरतो तो घटनांचा हिशेब.

तिसरं कारण बाजाराचं, आणि इथे चीन येतो. चीनमध्ये उत्पन्नात वाटा घेणाऱ्या परदेशी चित्रपटांची संख्या ठरवलेली आहे. २०१२च्या करारानंतर ती वर्षाला ३४ झाली आणि निर्मात्याचा वाटा २५ टक्के. दार अरुंद आणि आत गर्दी प्रचंड, मग त्यात शिरायला जो तो अंग चोरतो. ‘आयर्न मॅन ३’च्या चिनी आवृत्तीत सुमारे चार मिनिटं जास्तीची होती. चिनी डॉक्टर, अभिनेत्री फॅन बिंगबिंग, आणि तिथल्या दुधाच्या पेयाची जाहिरातही. शिवाय चीनमध्ये वयोगटानुसार प्रमाणपत्रच नाही. लहान-थोर सगळ्यांना एकच सिनेमा, त्यामुळे एक तर तो सगळ्यांसाठी चालतो किंवा कुणासाठीच नाही.

चौथं कारण सत्तेचं. त्यावर जरा थांबायला हवं.

नाझी गेले, नवरा भाऊ झाला

‘कॅसाब्लांका’ हा युद्धकाळातला नाझीविरोधी चित्रपट. १९५२मध्ये तो पश्चिम जर्मनीत लागला तेव्हा त्यातून नाझीच काढून टाकले होते! मेजर स्ट्रासर हा खलनायक संपूर्ण गायब. सुमारे २५ मिनिटं कमी झाली. छळछावणीतून निसटलेला क्रांतिकारक व्हिक्टर लाझलो डबिंगमध्ये व्हिक्टर लार्सन नावाचा नॉर्वेजियन शास्त्रज्ञ झाला. जुन्या जखमेवरची खपली काढायची नव्हती, म्हणून जखम झालीच नव्हती अशी गोष्ट रचली. मूळ रूप डब होऊन जर्मन प्रेक्षकांपुढे यायला १९७५ उजाडलं.

स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत ‘मोगॅम्बो’चं जे झालं ते आणखी विलक्षण. त्यात ग्रेस केलीचं पात्र विवाहित आहे, आणि ती शिकाऱ्याच्या प्रेमात पडते. परपुरुषावर प्रेम दाखवणं सेन्सॉरला मान्य नव्हतं. तोडगा निघाला तो असा, की डबिंगमध्ये नवरा-बायकोला भाऊ-बहीण करून टाकायचं. पण पडद्यावर तर ती दोघं नवरा-बायकोसारखीच वावरत होती. एक पाप झाकायला गेले आणि त्याहून भयंकर शंका प्रेक्षकाच्या मनात सोडून आले. सिनेमात एक धागा ओढला की दुसरीकडे उसवतंच. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. हुकूम देणाऱ्याला नसतं.

जपानी ‘गॉडझिला’ १९५४चा. अणुबॉम्बच्या राखेतून उठलेला सिनेमा. त्यात गाडीतली एक बाई सहज म्हणून जाते, की नागासाकीच्या बॉम्बमधून मी कशीबशी वाचले. १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर हा अमेरिकी नट वार्ताहर म्हणून घुसवला, आणि ती बाई काही दिसली नाही. राक्षस तसाच होता, तो कुठून आला एवढंच धूसर झालं. माझ्यासाठी या सगळ्या विषयातली सगळ्यात दुःखाची काट ती आहे. एका ओळीची.

आपल्याकडे काय होतं?

भारतात थिएटरमध्ये लागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला, देशी असो की परदेशी, केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आपण त्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो. कायदा १९५२चा आहे. १९७०मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आधी तपासण्याची ही पद्धत वैध ठरवली. २०२३च्या दुरुस्तीने यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या, प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन गट झाले. मंडळाला दृश्य काढायला, शब्द बदलायला, सूचना जोडायला सांगता येतं. २०१५च्या ‘स्पेक्टर’मध्ये जेम्स बाँडची चुंबनं निम्म्यावर आणली ती अशीच.

पण बराचसा व्यवहार प्रमाणपत्राच्या भावतोलात होतो. ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, मिळालं तर अठरा वर्षांखालची मुलं आणि त्यांच्यासोबत येणारे आई-बाप, सगळे हातचे जातात. म्हणून कंपनीच म्हणते, आम्ही इतकं काढतो, आम्हाला यूए द्या. ब्रिटनमध्येही हेच चालतं. ‘हंगर गेम्स’ला मुलांना चालणारं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून तिथे सात सेकंदांइतका मजकूर काढला, काही ठिकाणी रक्ताचे शिंतोडे संगणकाने पुसले.

“मग दिग्दर्शक गप्प का बसतात?”

सगळे बसत नाहीत. पण शेवटचा काट कुणाचा, हे करारात लिहिलेलं असतं आणि बहुतेकांच्या करारात तो स्टुडिओचा असतो. ज्यांना जमलं त्यांनी नकार दिला. धूम्रपानाच्या दृश्यावर इशाऱ्याची पट्टी नको म्हणून वुडी ॲलन यांनी २०१३मध्ये ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात लावूच दिला नाही. राष्ट्रगीत आणि तिरंग्याची दृश्यं काढा, असं पाकिस्तानच्या मंडळाने सांगितलं तेव्हा आमिर खान यांनी ‘दंगल’ तिथे पाठवला नाही. जपानी दिग्दर्शक मियाझाकी यांच्या ‘नौसिका’ची अमेरिकेत वीस-बावीस मिनिटं कापली गेली होती. पुढे ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी त्यांच्या निर्मात्याने अमेरिकी वितरकाला एक सामुराई तलवार पाठवली, सोबत दोन शब्द: काट नको. काट झाली नाही.

“हल्ली ओटीटीवर सगळं मूळच बघायला मिळतं की”

नेहमी नाही. २०२२च्या जानेवारीत चीनच्या एका मोठ्या ओटीटीवर ‘फाइट क्लब’ आला. मूळ शेवटी इमारती कोसळतात. तिथे पडदा काळा झाला आणि अक्षरं आली, की पोलिसांना कट कळला, गुन्हेगार पकडले गेले, टायलर या पात्राला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. लोकांनी जगभर बोंब केल्यावर बराचसा मूळ शेवट परत आला. थिएटरचं रीळ निदान कुणाच्या तरी गोदामात पडून राहतं. ओटीटीवरची फाइल रात्रीत बदलली तर सकाळी तुम्हाला कळायचंही नाही.

एक खुलासा मात्र करायला हवा. टीव्हीवर सिनेमा थोडा लवकर संपला म्हणजे तो कापलाच, असं नाही. आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत सेकंदाला २५ फ्रेम्सची होती आणि सिनेमा २४चा. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट एक फ्रेमही न गाळता १४४ मिनिटांत संपे.

काट दिसेनाशी झाली, ती अशी

२०१८च्या ‘पद्मावत’मध्ये घूमर नाचणाऱ्या दीपिकाची कंबर संगणकाने कापड चढवून झाकली. २०२३च्या ‘ओपनहायमर’मध्ये खुर्चीत बसलेल्या फ्लोरेन्स प्यूला भारतासाठी काळा झगा चढवला, तोही संगणकानेच. उडी नाही, ठेच नाही, एक सेकंदही कमी नाही. मूळ न पाहिलेल्याला शंका यायचं कारणच नाही. पूर्वी काढलेलं दिसायचं नाही, पण काढलंय हे दिसायचं. आता तेही दिसत नाही.

आणि पुष्कळ बदल तर कुठल्याही देशात जायच्या आधीच होतात. ‘रेड डॉन’चा नवा अवतार चित्रित झाला तेव्हा अमेरिकेवर चाल करून येणारं सैन्य चिनी होतं. चीनचा बाजार हातचा जाईल म्हणून संगणकावर झेंडे आणि चिन्हं बदलली, सैन्य उत्तर कोरियाचं झालं. २०१२मध्ये तो लागला तो सगळ्या जगात तसाच लागला. इथे तुलना करायला मूळ आवृत्तीच नाही. लंडनचा भाचाही फोन करून सांगू शकत नाही, की मावशी, आमच्याकडे वेगळं होतं.

प्रेक्षकाने काय बघावं?

लहानपणी सिनेमा सुरू व्हायच्या आधी प्रमाणपत्र पडद्यावर यायचं, तेव्हा आम्ही पोरं त्यातला रिळांचा आकडा मोठ्याने वाचायचो. “अठरा! अठरा रिळं!” म्हणजे आज सिनेमा मोठा, या आनंदात. त्याच कागदावर आणखी एक खूण असायची, तिच्याकडे कधी लक्ष गेलं नाही. १९८३च्या नियमांत तरतूद होती, की मंडळाने काटछाट करायला लावली असेल तर प्रमाणपत्राच्या पहिल्या भागावर खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण काढायचा, आणि काय काढलं त्याचा तपशील दुसऱ्या भागात लिहायचा. एवढासा त्रिकोण, पण प्रेक्षकाला उद्देशून केलेली ती कबुली होती.

आता कंपनीने मंडळाकडे जाण्याआधीच झगा चढवला, शॉट छाटला, झेंडा बदलला, तर मंडळाने काही काढायला लावलेलं नसतं. मग त्रिकोण तरी कुणी आणि कशासाठी काढायचा? माझी मागणी मोठी नाही. औषधाच्या पट्टीवर घटक छापतात. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश छापतात. तशी सिनेमाच्या सुरुवातीला, आणि ओटीटीवर नावाखाली, एक ओळ असावी: ही आवृत्ती मूळ आवृत्तीहून वेगळी आहे, बदल अमुक, केले अमुक यांनी.